सायकल कामावर जाते, धोरण फिरायला

पवई तलावाभोवती सायकल ट्रॅक करायचा घाट मुंबई महापालिकेनं घातला होता. काठानं जाळीत दगड भरून रचायचे, त्यावर मार्ग बांधायचा आणि मुंबईकरांनी पाण्याकडे बघत सायकल चालवायची, अशी ती कल्पना. आयआयटीतले संशोधक विद्यार्थी न्यायालयात गेले. 6 मे 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं प्रकल्प बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. वाद पाणथळ जागेचा होता, तलावातल्या भरावाचा होता, तिथल्या मगरींचा होता. निकाल त्याच मुद्द्यांवर लागला आणि योग्यच लागला. मला मात्र त्या सगळ्या प्रकरणात दुसरंच काही खटकत होतं. तलावाला प्रदक्षिणा घालणाऱ्या रस्त्यावरून माणूस पोचतो कुठे? जिथून निघाला तिथेच.

पवईच्या आसपास सायकलनं कामावर जाणारी माणसं आहेत. साकीनाक्याच्या गाळ्यांत जाणारे कामगार आहेत, इमारतींचे वॉचमन आहेत, पहाटे पाव आणि दूध टाकणारे आहेत. त्यांची वाट तलावाच्या काठानं जात नाही. ती साकी विहार रोडनं जाते, लालबहादूर शास्त्री मार्गानं जाते, टँकर आणि बसच्या कडेनं जाते. तिथे त्यांच्यासाठी हातभर जागा राखण्याऐवजी ट्रॅक तलावाकाठी सुचला, हा अपघात नव्हे. आपल्याकडे सायकलचा विचार सुरू होतो तोच बगीच्यापासून. सायकल म्हणजे व्यायाम, मोकळी हवा, पर्यावरण दिन, महापौरांनी झेंडा दाखवलेली रॅली. जो माणूस सायकल केवळ कामावर पोचायला वापरतो, तो या चित्रात कुठेच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सायकलचं धोरण आधी त्याच्यासाठी आखलं पाहिजे. बाकीच्यांची सोय त्यातून आपोआप होते. उलट्या क्रमानं गेलं तर कुणाचीच होत नाही. पुण्यानं ते करून दाखवलं आहे.

हा माणूस किती आहे, ते आधी पाहू. कामावर कसं जाता, हा प्रश्न 2011 च्या जनगणनेत विचारला गेला. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणारे देशात सुमारे 20 कोटी लोक होते. त्यांतले 13 टक्क्यांच्या आसपास सायकलनं जात होते. स्कूटर-मोटारसायकलवालेही जवळपास तेवढेच भरले. पायी जाणारे सुमारे 23 टक्के. आणि ज्यांच्यासाठी उड्डाणपूल, भुयारी मार्ग, बहुमजली वाहनतळ उभे राहतात, ते मोटारीनं कामावर जाणारे तीन टक्क्यांच्या आसपास. आकडे जुने आहेत, मान्य. मधल्या काळात कितीतरी सायकलवाले हप्त्यावर मोटारसायकल घेऊन बसले. पण सायकल घरांतून गेलेली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्या घरांत ती होती. पश्चिम बंगालमध्ये तर जवळपास 79 टक्के घरांत.

महाराष्ट्रात ती बघायची असेल तर इचलकरंजीला, मालेगावला किंवा भिवंडीला यंत्रमागांची पाळी बदलते त्या वेळी रस्त्यावर उभं राहावं. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पहाटे जावं. गोव्यात पोदेर अजून सायकलच्या मागे पावाची टोपली बांधून भोंगा वाजवत दारात येतो. मुंबईत डबेवाल्यानं स्टेशनाबाहेर उभ्या केलेल्या सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे लटकलेले असतात. ती ढकलत नेतानाही हातात बळ लागतं. चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्याची सायकल स्टँडवर लावली की यंत्र होते, पॅडल मारलं की सहाण फिरते. या सायकली बहुतेक काळ्या असतात, बिनगिअरच्या, जाड लोखंडाच्या. मागचं कॅरिअर वेल्डिंग करून मजबूत केलेलं असतं. घंटी असली तर असली. रात्री दिवा नसतोच. यांना कुणी ‘सायकलिस्ट’ म्हणत नाही. ते ‘सायकलवाले’.

रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत किंवा नाशिकहून त्र्यंबकला जाऊन येणाऱ्यांशी माझं भांडण नाही. हेल्मेट घालून, पाठीवर पाण्याची पिशवी बांधून जाणारी ही मंडळी निदान महापालिकेत निवेदन घेऊन तरी जातात. सायकलच्या बाजूनं शहरात जो काही आवाज उठतो तो त्यांचाच असतो. अडचण तिथेच आहे. निवेदन देणाऱ्याला सकाळी सहा ते आठ मोकळा रस्ता हवा असतो, सुंदर कडेचा लांब ट्रॅक हवा असतो, शर्यत हवी असते. महापालिका तेवढं देते, फोटो काढते, आणि सायकलचा विषय त्या वर्षापुरता मिटतो. पाळीवरून रात्री साडेअकराला सुटलेल्या माणसाला निवेदन द्यायला वेळ नसतो, आणि सायकल हा आपला ‘प्रश्न’ आहे असं त्याला वाटतही नाही. त्याला मोटारसायकल घ्यायची असते.

सायकल दिसली की आपल्या डोळ्यांना खेळच दिसतो, याचा एक नमुना 2020 च्या मे महिन्यात सगळ्या देशानं पाहिला. टाळेबंदीत अडकलेली पंधरा वर्षांची मुलगी जखमी बापाला कॅरिअरवर बसवून गुरुग्रामहून बिहारातल्या दरभंग्याकडे निघाली. सुमारे बाराशे किलोमीटर. ती घरी पोचली तेव्हा सायकलिंग महासंघानं तिला निवड चाचणीला बोलावलं. हेतू चांगला असेल. पण उपासमारीच्या भीतीनं केलेल्या प्रवासात आपल्याला खेळाडूची क्षमता दिसली, तिला त्या रस्त्यावर का उतरावं लागलं ते बाजूला पडलं. पुढच्याच महिन्यात, 3 जून 2020 रोजी, अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. अशा साध्या सायकलींचा तो कारखाना, आणि दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा. कामगार नेहमीप्रमाणे पाळीला आले तर दारावर नोटीस.

आता पुणे. पुण्याबद्दल बोलायचं तर आधी गतकातरतेचा हिशेब चुकता करायला हवा, कारण त्यात फार लोक अडकून पडले आहेत. ‘पुणे म्हणजे सायकलींचं शहर’ हे वाक्य इतक्या वेळा लिहून झालं आहे की ते खोटं वाटावं. खोटं नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटायची तेव्हा रस्ता सायकलींनी भरून वाहायचा. प्राध्यापक, कारकून, शाळकरी मुली, सगळेच सायकलवर. तासावर भाड्यानं सायकल देणारी दुकानं गल्लोगल्ली होती, रिमचा आऊट काढून देणारे कारागीर होते, नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे, आणि रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट सापडलात तर पोलीस सायकल अडवायचा. ते सगळं खरं. पण लोक सायकल चालवत होते ते सायकलवर प्रेम होतं म्हणून नव्हे. स्कूटर परवडत नव्हती, आणि परवडली तरी नंबर लागायला वर्षं जायची. आकुर्डीचा बजाजचा स्कूटर कारखाना मोठा झाला, रांगा संपल्या, बँका कर्ज द्यायला लागल्या आणि पुणेकर भराभर सायकलवरून उतरले. मुलांना घेऊन चढावर घाम गाळणारा बाप उतरला यात त्याची काय चूक? टंचाईनं घडवलेलं शहर परत आणायचं स्वप्न मला पडत नाही. तो काळ गेला, बरं झालं. प्रश्न आहे तो आज जे सायकलवर आहेत त्यांचा, आणि रस्ता धड असता तर जे सायकलवर राहिले असते त्यांचा.

2006 साली केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. रस्त्यांवर वाहनांपेक्षा माणसांचा विचार करा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं, आणि पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी वेगळी जागा करा, असंही. त्याच सुमारास जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेचा पैसा शहरांकडे यायला लागला. पुण्यात 2006 च्या डिसेंबरात स्वारगेट-कात्रज आणि हडपसरच्या बाजूला बीआरटी, म्हणजे राखीव मार्गावरून धावणारी बससेवा, सुरू झाली. तिच्या कडेनं सायकल ट्रॅक झाले. पुढे इतर रस्त्यांवरही झाले. 2017 च्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. देशात इतकं सविस्तर काम फार थोड्या शहरांनी केलं असेल. कागद पुण्याचे नेहमीच चांगले असतात.

ट्रॅकवर काय झालं? पदपथाला लागून पेव्हर ब्लॉकचा पट्टा. त्यावरून सायकल नेली की हँडल थरथरतं आणि दात वाजतात. मध्येच महावितरणचा डीपी. पुढे बसथांबा, ट्रॅकच्या बरोब्बर मध्ये. मग एका सोसायटीचं गेट, तिथे ट्रॅक एकदम खाली उतरतो आणि दहा पावलांवर पुन्हा वर चढतो, म्हणजे सायकलवरून उतरा आणि चढा. पुढे भाजीची गाडी, कारण भाजीवाल्यालाही महापालिकेनं दुसरी जागा दिलेली नाही. त्याच्यापुढे लावलेल्या मोटारसायकली, आणि मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून रोवलेले खांब, ज्यांतून पाठीमागे पाण्याचा कॅन किंवा गॅसची टाकी बांधलेली सायकलही जात नाही. हे सगळं ओलांडून माणूस चौकाजवळ येतो आणि तिथे ट्रॅक संपतो.

मला विचाराल तर सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. सायकलवाल्याला सरळ रस्त्यावर भीती कमी असते. खरा धोका चौकात असतो. डावीकडे वळणारी बस, तिच्या मागच्या चाकाजवळ आलेली आणि चालकाला आरशात न दिसणारी सायकल, सिग्नल सुटताच एकदम पुढे झेपावणारी वाहनं. चौकाच्या अलीकडे ट्रॅक संपवणं म्हणजे हात धरून नेलेल्या मुलाला नेमकं रस्ता ओलांडताना सोडून देणं. चौक कसा करावा हे काही गुपित नाही. वळणाचा कोपरा आवळून धरायचा म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो. सायकलींची थांबण्याची जागा मोटारींच्या रेषेच्या पुढे ठेवायची म्हणजे त्या चालकाला दिसतात. सिग्नलला त्यांना दोन-चार सेकंद आधी सोडायचं. इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकल मार्गांची मानकं 1962 सालीच काढली होती, पुढे सुधारलीही. अज्ञान हे कारण नाही. ट्रॅक किती किलोमीटर झाला हे उद्घाटनाच्या दिवशी सांगता येतं. किती चौक नीट केले हे सांगून टाळ्या पडत नाहीत.

मग होतं असं की रोज सात-आठ किलोमीटर जाणारा माणूस ट्रॅकच्या नादाला लागत नाही. तो डांबरावरूनच जातो, डाव्या कडेनं, गटाराच्या झाकणांवरून. एखादा मोटारवाला काच खाली करून विचारतो, ‘‘तुमच्यासाठी ट्रॅक दिलाय ना?’’ आणि दोन वर्षांनी कुणी नगरसेवक सभागृहात उठून सांगतो की ट्रॅक वापरात नाहीत, तेव्हा ती जागा रस्त्यात घ्यावी. अशा रीतीनं वाईट ट्रॅक हा ट्रॅक नसण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. तो सायकलवाल्याची बाजूच मोडून ठेवतो.

भाड्याच्या सायकलींचा उत्साहही याच जातीचा. 2017 च्या अखेरीस विद्यापीठ आणि औंध परिसरात रंगीत सायकली आल्या. मोबाइलवर कोड टिपायचा, कुलूप उघडायचं, अर्ध्या तासाला रुपया. पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या, वर्षभरात शहरभर सायकलीच सायकली झाल्या आणि नंतर तेवढ्याच वेगानं त्या गेल्या. मोडतोड झाली, कुलपं तुटली, कंपन्यांचं गणित बसलं नाही. पुणेकरांच्या नागरिकत्वाला नावं ठेवण्यात तेव्हा बरीच शाई खर्च झाली. मला प्रश्न पडला तो वेगळा. कंपनीच्या सायकलीला पदपथावर आखलेली जागा मिळाली. ज्याची स्वतःची सायकल आहे त्याला स्वारगेटला, मंडईत, ससूनच्या दारात ती साखळीनं बांधून ठेवायला एक लोखंडी आकडा का मिळाला नाही? चोरीची भीती हे गरीब माणसानं सायकल न वापरण्याचं मोठं कारण आहे. पाच-सात हजारांची वस्तू म्हणजे त्याचा निम्म्या महिन्याचा पगार असतो. साधा आकडा, वर दिवा, नजर ठेवायला जवळच्या टपरीवाल्याला थोडे पैसे. याला स्मार्ट सिटीचं सादरीकरण लागत नाही, म्हणूनच बहुधा झालं नाही. पूर्वी चित्रपटगृहाबाहेर आणि एसटी स्टँडवर टोकन देणारे सायकल स्टँड होते. ती व्यवस्था आपण मोडू दिली.

कायद्याची आणि कराची गोष्ट थोडक्यात. जीएसटी आला तेव्हा सायकल 12 टक्क्यांत बसली. विजेवर चालणाऱ्या वाहनांचा कर 2019 च्या ऑगस्टमध्ये 12 वरून 5 टक्के झाला, म्हणजे वीस लाखांच्या विजेच्या मोटारीला 5 आणि वॉचमनच्या सायकलीला 12. पर्यावरणाच्या नावानं. हे सहा वर्षं चाललं. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलही 5 टक्क्यांत आली. आली हे चांगलं झालं, पण सहा वर्षं हे कुणाला बोचलं नाही, यावरून सायकलवाल्याचं राजकीय वजन कळतं. कोलकात्यात 2013 साली पोलिसांनी पावणेदोनशे रस्त्यांवर सायकलला बंदी घातली होती, वाहतूक मंदावते म्हणून. दूधवाले, वर्तमानपत्रवाले गल्ल्यांतून वळसे घालत राहिले. आपण तशी बंदी घातली नाही. आपण रस्ता असा केला की बंदीची गरज पडू नये.

खेड्यात चित्र वेगळं आहे, आणि तिथे सरकारला सायकल कशासाठी असते हे कळलेलं आहे, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे.

बिहारमध्ये 2006 साली नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली, तेव्हा 2000 रुपये. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. शेजारच्या झारखंडशी आणि त्याच गावांतल्या मुलांशी तुलना करून त्यांनी दाखवलं की माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी सुमारे 32 टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी कमी झाली. सर्वांत जास्त फरक कुठे पडला? शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती त्या गावांत. मुलीला शाळेत न पाठवण्यामागे परंपरा, लग्नाची घाई, सगळं असतं. पण त्याच्या बुडाशी तीन किलोमीटरचं अंतरही असतं, आणि ते अंतर दोन चाकांनी कापता येतं. शिवाय अख्ख्या वर्गातल्या मुली एकदम सायकलनं निघाल्या की रस्ता त्यांचा होतो. एकटीला टोमणे मारणारे दहाजणींपुढे गप्प बसतात.

त्याच्याही आधी, 1991-92 मध्ये, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेनं बायकांना सायकल शिकवायचं मनावर घेतलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका, हजारोंनी शिकल्या. लेडीज सायकली संपल्या तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त सोयीच्या वाटल्या, कारण मधल्या दांडीवर पोराला बसवता येतं. कुठल्याही समितीनं हा विचार केला नसता.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत घर असलेल्या मुलींना. आधी 3500 रुपये होते, 2022 मध्ये 5000 झाले. लांबच्या मुलींसाठी त्याच कार्यक्रमातून एसटीच्या निळ्या बस आहेत. योजना चांगली आहे. तिच्यात दोन उणिवा आहेत आणि दोन्ही दुरुस्त करता येतील. पहिली, 125 तालुक्यांची यादी. जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत आणि पुढची शाळा दुसऱ्या गावात, हे मागास ठरलेल्या तालुक्यांपुरतं नाही. त्यात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार 2023 पासून पुढे आला आहे. शाळा मुलांपासून लांब न्यायच्या आणि सायकल मात्र ठरावीक तालुक्यांतच द्यायची, हे कसं जमायचं? दुसरी उणीव पंक्चरची. पैसे सायकलीला मिळतात, ट्यूबला मिळत नाहीत. काट्याकुट्याच्या रस्त्यावर सायकल पंक्चर झाली, गावात पंक्चर काढणारा नाही, बाप म्हणतो पुढच्या बाजाराला बघू, आणि मुलीचा आठवडा घरी जातो. शाळेत एक पंप, पाना आणि सोल्यूशनचा डबा ठेवायला आणि मुलींनाच पंक्चर काढायला शिकवायला किती खर्च येतो? आयटीआय तालुक्यातालुक्यात आहेत.

आता शहरातले आक्षेप. ऊन फार, असं म्हणतात. नागपूर-अमरावतीच्या मे महिन्यात दुपारी सायकल चालवणं हाल आहेत, हे कबूल. पण पाळी सकाळी सातची असते, आणि ज्याच्याकडे दुसरं साधनच नाही तो मे महिन्यातही सायकलच चालवतो. त्याच्या डोक्यावरची झाडं रस्तारुंदीत तोडू नका एवढं तरी करता येईल. अंतरं वाढली, असंही म्हणतात. वाघोलीहून हिंजवडीला सायकलनं जा, असं मी कुणाला सांगणार नाही. तिथे बस हवी, आणि बसथांब्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर सायकलला सोपे हवेत. पुणे मेट्रोच्या डब्यात सायकल नेता येते. स्टेशनापर्यंत ती जिवंत कशी न्यायची हा खरा प्रश्न.

सगळ्यांत आवडता आक्षेप म्हणजे सायकलवाले नियम पाळत नाहीत, उलट्या बाजूनं येतात. येतात. का येतात ते दुभाजकाला विचारा. सिग्नल काढून दुभाजक बंद केले, चौकांऐवजी यू-टर्न केले, तो एक किलोमीटर पुढे. मोटारवाल्याला दोन किलोमीटरचा वळसा म्हणजे चार मिनिटं. सायकलवाल्याला तो पोटऱ्यांनी भरावा लागतो, पाळी करून आल्यावर, चढावर. समोर दिसणाऱ्या गल्लीत शिरायला तो दोनशे पावलं उलटा येतो. नियम मोडतो, धोका पत्करतो, हे खरं. पण तो नियम ज्यानं आखला त्यानं सायकलवरचा माणूस मोजलाच नव्हता, हेही तितकंच खरं.

आणि वेग. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. त्यांत सायकलवरचे सुमारे तीन टक्के, म्हणजे साडेचार हजारांवर. यांतला क्वचितच कुणी स्वतःच्या वेगानं मेला असेल. वाहनाचा वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे नववीच्या पुस्तकातलं विज्ञान. जिथे माणसं आणि वाहनं एकत्र येतात तिथे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा ठेवा, असा आग्रह 2020 च्या फेब्रुवारीतल्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानं जगभरच्या सरकारांना केला. नेदरलँड्सचं उदाहरण आपल्याकडे उठसूट दिलं जातं, पण तिथली सायकल हवा शुद्ध ठेवण्याच्या उपदेशातून आलेली नाही. 1971 साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे 3300 माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं होती, आणि आईबाप रस्त्यावर उतरले. मागणी होती ‘मुलांचे खून थांबवा’ अशी. त्यांनी सायकलचं कौतुक मागितलं नव्हतं, मोटारींचा वेग कमी करून मागितला होता.

म्हणून महापालिकांनी पुढची काही वर्षं एक मीटरही नवा शोभेचा ट्रॅक बांधू नये, असं मला वाटतं. तो पैसा चौकांत घालावा. वस्तीच्या आणि शाळांच्या रस्त्यांवर वेग उतरवावा, पाटी लावून नव्हे, रस्त्याचा आकार बदलून. बाजार, स्टेशन, सरकारी दवाखाना, एसटी स्टँड इथे सायकल बांधायची जागा करावी. दुभाजकात पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी सिग्नलसह फट ठेवावी. आणि औद्योगिक वसाहतींकडे आधी बघावं. चाकणमध्ये कंपनीच्या गेटपासून तीन-चार किलोमीटरवरच्या गावांत दहा बाय दहाच्या खोल्यांत चार-चार जण राहतात, बिहारचे, उत्तर प्रदेशचे, ओडिशाचे, मराठवाड्याचे. सायकलसाठी याहून योग्य अंतर नाही. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर त्यांच्या शेजारून कंटेनर जातात. औद्योगिक विकास महामंडळ, महामार्ग, ग्रामपंचायत, नगरपरिषद यांपैकी तो रस्ता नक्की कुणाचा, यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होऊ शकतो. दिव्याचा खांब त्याच पत्रव्यवहारात अडकतो.

2027 च्या जनगणनेत कामावर कसं जाता हा प्रश्न राहिलाच पाहिजे, आणि तोवर शहरांनी स्वतः मोजणी करावी. ती करताना एक पथ्य पाळावं. वाहनं मोजायला माणसं सकाळी नऊला चौकात उभी केली तर सायकली दिसणार नाहीत. ते लोक तेव्हा दोन तास आधीच मशीनवर उभे राहिलेले असतात. साडेपाचला उभं राहावं, आणि दुसऱ्यांदा रात्री साडेअकराला.